कुलूप, कुंपण आणि राबता

पवनारला आमच्या लेआउटच्या मधोमध एक मोकळी जागा आहे. कागदावर तिचं नाव उद्यान. लेआउट मंजूर करताना थोडी जागा सगळ्यांसाठी सोडावी लागते, ती ही जागा. आम्ही इथे राहायला आलो तेव्हा तिथे दोन झोके, एक घसरगुंडी, सिमेंटचे चार बाक आणि एक कडुनिंब होता. आज कडुनिंब तेवढा शाबूत आहे. झोक्यांच्या साखळ्या गेल्या, घसरगुंडीचा पत्रा फाटला. पावसाळा संपला की गाजरगवत कमरेएवढं वाढतं. फाटकाला कुलूप आहे. ते कुलूप लावा असं सुचवणारी मीच होते, हे आधीच सांगून टाकते.

कारण साधं होतं. संध्याकाळी काही पोरं तिथे पत्ते कुटत बसायची, सकाळी बाटल्या सापडायच्या. बायकांनी तक्रार केली. मी शाळेत उर्दू आणि मराठी शिकवते, त्यामुळे लेआउटमधले सगळे अर्ज माझ्याकडेच येतात. तो अर्जही मीच लिहिला. सुवाच्य अक्षरात, मुद्दे घालून. कुलूप लागलं. पत्ते खेळणारी पोरं भिंतीवरून उड्या मारून आत जातच राहिली. बाहेर राहिली ती लहान मुलं, म्हातारी माणसं आणि आम्ही बायका, कारण आम्हाला भिंत चढता येत नव्हती.

गेल्या महिन्यात विषय पुन्हा निघाला. बाग नीट करायची, यावर सगळ्यांचं एकमत. कशी करायची, यावर दोन तट पडले. एकांचं म्हणणं, भिंत आणखी उंच करा, वर तार लावा, वेळ ठरवा, चौकीदार ठेवा. दुसऱ्यांचं म्हणणं, कुलूपच काढा. तेवढ्यात मागून कुणीतरी म्हणालं, ''आधी हे ठरवा, बाग कोनासाठी हाय?'' त्यावर सगळे गप्प झाले. आमच्या लेआउटमध्ये मुसलमानांची घरं मोजकी. प्रश्न कोणाकडे बघून विचारला ते सगळ्यांना कळलं होतं आणि कळलं नाही असं सगळ्यांनी दाखवलं. शेजारच्या काकूंनी चहाचा विषय काढला आणि बैठक संपली.

घरी आले तर अम्मीने विचारलं, ''काय ठरलं?'' मी म्हटलं, ''काही नाही.'' ती म्हणाली, ''जाऊ दे. आपल्याला कुठे जायचंय बागेत?'' हे वाक्य माझ्या जिव्हारी लागलं. अम्मीला चालायला जागा हवी आहे, डॉक्टरांनी सांगितलंय. तिला जायचं असतं. नाही म्हणायची सवय लागली आहे, एवढंच.

मी इतिहास शिकवत नाही. पण त्या रात्रीपासून आपल्या गावाकडे मी निराळ्या नजरेने बघायला लागले. पवनार हे बागेचा प्रश्न विचारायला फार चांगलं गाव आहे. जागा ओसाड कशी पडते आणि पुन्हा नांदती कशी होते, याचे धडे इथे जमिनीतच पुरलेले आहेत.

धाम नदीच्या काठी वसलेलं हे गाव वर्ध्याहून कितीतरी जुनं. वर्धा शहर वसलं १८६६ मध्ये, पालकवाडी नावाच्या खेड्याच्या जागी. पवनारच्या पोटात वाकाटकांच्या काळातल्या मूर्ती सापडतात. पाचव्या शतकातला वाकाटक राजा दुसरा प्रवरसेन याने आपली राजधानी नंदिवर्धनहून प्रवरपूरला नेली. ते प्रवरपूर म्हणजेच पवनार, असं महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी मांडलं. नागपूर विद्यापीठाने १९६७ मध्ये इथे उत्खनन केलं. पुढे रामटेकजवळच्या मनसरचं उत्खनन झालं तेव्हा प्रवरपूर तिथे होतं असंही काही अभ्यासक म्हणू लागले. तो वाद जाणकारांचा. पवनार जुनं आहे आणि इथे मोठी वस्ती होती, याबद्दल मात्र वाद नाही.

त्यानंतर हजारेक वर्षांनी हेच गाव फारसी कागदांत दिसतं. अकबराच्या दरबारातल्या अबुल फजलने 'आईन-ए-अकबरी'त वऱ्हाड सुभ्याच्या सरकारांची यादी दिली आहे. सरकार म्हणजे आजच्या जिल्ह्यासारखा भाग. त्या यादीत गाविल, नरनाळा, खेरला, कळंब, माहूर यांच्या बरोबरीने पवनारचं नाव आहे. आज विदर्भातल्या मुलांना नरनाळा माहीत असतो, माहूर माहीत असतं. पवनार एका मोगल सरकारचं ठाणं होतं हे सांगितलं की माझ्या वर्गातली मुलं हसतात. ''मॅडम, आपलं पवनार?'' होय, आपलंच.

राजे गेले, सुभेदार गेले. भिंती बांधलेल्या होत्या, दरवाजेही होते. पण माणसांचं येणं-जाणं थांबलं आणि मातीने सगळं पोटात घेतलं. ठाणं मोठं असलं म्हणून जागा टिकत नाही, हा पवनारचा पहिला धडा.

दुसरा धडा नदीच्या पलीकडच्या काठावर आहे. तिथे उंचवट्यावर जमनालाल बजाज यांचा एक बंगला होता. ७ मार्च १९३८ रोजी विनोबा भावे तिथे राहायला आले. प्रकृती अगदी ढासळली होती, शरीर काडीसारखं झालं होतं. थंड हवेच्या ठिकाणी जा, असा आग्रह होत होता. ते डोंगरावर गेले नाहीत, पवनारला आले. आणि आल्यावर त्यांनी काय केलं, तर शेत खणायला घेतलं. पहिल्या दिवशी पाचच मिनिटं. दुसऱ्या दिवशी थोडी जास्त. असं करत वेळ वाढवत नेला आणि शरीर सुधारत गेलं. जमीन सुधारता सुधारता माणूस सुधारला, असं म्हटलं तरी चालेल.

त्या खणण्यात मूर्ती निघू लागल्या. वाकाटकांच्या काळातलं शिल्प कुदळीला लागलं. त्यातलं एक राम आणि भरत यांच्या भेटीचं आहे असं विनोबांना वाटलं. त्यांनी ते तिथेच आश्रमात ठेवलं. आजही परंधाम आश्रमात गेलात तर ही शिल्पं भिंतींत बसवलेली दिसतात. वस्तुसंग्रहालयात असतात तशी काचेआड नाहीत, राहत्या घरात आहेत. मला ही गोष्ट फार आवडते. तिथे राजधानी शोधायला कोणी गेलं नव्हतं. भाजीपाल्यासाठी जमीन खणायला गेले आणि राजधानीच्या खुणा सापडल्या.

विनोबांच्या आयुष्यातला आणखी एक प्रसंग मी दरवर्षी मुलांना सांगते. १९४६ च्या सुमारास ते पवनारहून तीनेक मैलांवरच्या सुरगावला रोज जाऊ लागले. खांद्यावर फावडं. काम मैला आणि घाण साफ करण्याचं. ऊन असो, पाऊस असो. एकदा वाटेतल्या नाल्याला पूर आला, पलीकडे जाता येईना. पलीकडच्या काठावर एक गावकरी दिसला. त्याला त्यांनी ओरडून सांगितलं की देवळात जा आणि देवाला निरोप दे, गावचा भंगी येऊन गेला. आणि मग परतले. गावाने त्यांना रस्त्यात फुलं टाकून बोलावलं नव्हतं. पण ते नेमाने येतात हे हळूहळू गावाच्या लक्षात आलं. स्वच्छतेचं भाषण एका दिवसाचं असतं. रोज येणाऱ्या माणसाकडे मात्र गावाला दुर्लक्ष करता येत नाही.

कुराणाच्या बाबतीतही त्यांची हीच रीत होती. ते मुळातून वाचता यावं म्हणून विनोबा अरबी शिकले. अक्षर अक्षर, उच्चार घोकत. पुढे त्यांचं 'कुराण-सार' आलं. आपल्यातल्या कित्येक घरांत विनोबा म्हणजे भूदान, एवढंच माहीत असतं. आपल्याच जिल्ह्यातल्या एका आश्रमात एका ब्राह्मणाने कुराणाला इतकी वर्षं दिली, हे आपल्या मुलांना कोणी सांगायचं?

१९५० च्या सुरुवातीला त्यांनी आश्रमात कांचनमुक्तीचा प्रयोग सुरू केला. पैशावर न जगता आपल्या श्रमावर जगून बघायचं. शेतीत बैलही नको म्हणाले. विहिरीवर रहाट होता, तो माणसांनीच फिरवायचा. त्याला आडवे दांडे लावले होते. सगळ्यांनी मिळून ते ढकलायचे, फेरे मोजायचे आणि त्याच तालावर श्लोक म्हणायचे. बागेला पाणी द्यायला किती लोक लागतात, तर जितके खाणार तितके सगळे! मग २५ मार्च १९५९ रोजी इथे ब्रह्मविद्या मंदिर सुरू झालं. हा स्त्रियांचा आश्रम. तिथल्या भगिनी शेतीपासून स्वयंपाकापर्यंतची कामं स्वतः करतात आणि निर्णय सर्वानुमते घेतात. म्हणजे एकीचा विरोध असेल तर थांबायचं, बोलायचं, पुन्हा बसायचं. आमच्या बैठकीत आम्ही चहावर विषय संपवला, त्या नदीपलीकडे साठ वर्षांहून अधिक काळ बायका विषय न संपवता बसून राहायला शिकल्या आहेत.

आणि या सगळ्याच्या खाली नदीचा काठ आहे. तो कोणाच्याच मालकीचा नाही. १२ फेब्रुवारी १९४८ रोजी, गांधीजींच्या हत्येनंतर तेराव्या दिवशी, त्यांच्या अस्थींचा काही भाग इथे धाममध्ये विसर्जित केला गेला. तेव्हापासून त्या तारखेला इथे सर्वोदय मेळा भरतो. लहानपणी अब्बा मला सायकलच्या दांड्यावर बसवून तिथे नेत. सूतकताई, प्रार्थना, भाषणं यातलं काही मला कळत नसे. खडकांमधून वाहणारं पाणी आणि भिजवलेले चणे मात्र आठवतात. आम्हाला तिथे कोणी कधी विचारलं नाही, तुम्ही कोण. अब्बाही तिथे गेल्यावर निराळे होत. दुकानात असायचे तसे सांभाळून बोलत नसत, मोठ्याने हसत.

अलीकडे सेवाग्राम विकास आराखड्यात या काठाचाही समावेश झाला. रविवारी गर्दी असते. मुलं पाण्यात उतरतात, आयाबाया डबे उघडतात. संध्याकाळी चिवड्याची पाकिटं आणि पत्रावळ्या मागे राहतात. तेव्हा मला सुरगावचं फावडं आठवतं. काठ बांधून देता येतो. रोज तिथे कोण येणार, हे बांधकामात मोडत नाही.

हा विचार करताना मला एक दुसरी बाग आठवत राहिली. मी बी.एड.ला तेव्हाच्या औरंगाबादला होते. वसतिगृहात उकाडा असह्य झाला की आम्ही मुली पाणचक्कीला जात असू. सतराव्या शतकात बुखाऱ्याकडून आलेले नक्शबंदी सूफी बाबा शाह मुसाफिर यांचा दर्गा तिथे आहे. त्यांच्या खानकाहसाठी डोंगरातल्या झऱ्याचं पाणी खापराच्या नळांतून काही मैल चालवत आणलं. ते उंचावरून हौदात कोसळतं. त्या पाण्यावर जातं फिरायचं. पीठ व्हायचं फकिरांसाठी, वाटसरूंसाठी, भुकेल्यांसाठी. हौदाच्या तळाखाली दालन आहे. डोक्यावर पाण्याने भरलेला हौद आणि खाली गारवा. एका मोठ्या वडाखाली बसून आम्ही पाठाचं टाचण काढत असू. आमच्या शेजारी कुणी नमाजला आलेलं, कुणी सहलीला आलेलं, कुणी नुसतं झोपलेलं.

त्या शहराला पाण्याच्या अशा नहरींची ओळख मलिक अंबरने करून दिली. हबशी गुलाम म्हणून विकला गेलेला हा माणूस निजामशाहीचा वजीर झाला आणि त्याने खडकी वसवली. तिला पाणी पुरवणारी नहर-ए-अंबरी आजही त्याच्या नावाने ओळखली जाते. पुढे शहर वाढलं, नळांवर घरं चढली, बऱ्याच नहरी आटल्या. दगडाचं काम शतकानुशतकं टिकलं. गाळ काढणारे हात थांबले तिथे पाणी थांबलं. हौद बांधणाऱ्याचं नाव शिलालेखात राहतं, हौद उपसणाऱ्याचं राहत नाही. पण पाणी दुसऱ्यामुळे असतं.

आपल्या फिकहमध्ये यासाठी एक सुंदर संज्ञा आहे. इह्या-उल-मवात, म्हणजे मेलेल्या जमिनीला जिवंत करणं. कुणाचीच नसलेली, ओसाड पडलेली जमीन जो कसून जिवंत करील त्याचा तिच्यावर हक्क, असं पैगंबरांच्या हदीसमधून आलेलं तत्त्व आहे. पण यात एक बारकावा आहे. काही लोक जमिनीभोवती दगड मांडून ठेवत, कुंपण घालत आणि कसत मात्र नसत. आठव्या शतकात काझी अबू युसूफ यांनी खलिफा हारून अल-रशीदसाठी 'किताब-उल-खराज' हा ग्रंथ लिहिला. त्यात हजरत उमर यांचा या बाबतीतला निर्णय नोंदवला आहे. नुसतं कुंपण घालून ठेवलं तर तीन वर्षांनंतर हक्क उरत नाही. कुंपण म्हणजे कसणं नव्हे. हे वाचलं आणि मी पुस्तक मिटून बसले. आमच्या बागेच्या कुलपाला तीन वर्षं उलटून गेली आहेत.

झाड लावण्याबद्दलची हदीसही आपल्याला ठाऊक असते. मुसलमानाने लावलेल्या झाडाचं फळ माणसाने, जनावराने किंवा पाखराने खाल्लं तरी लावणाऱ्याला सदक्याचं पुण्य मिळतं. खाणारा कोण, त्याचा धर्म कोणता, असली अट तिथे नाही. पाखराला काय विचारणार? तरी आपण मशिदीच्या आवारात झाड लावतो आणि मोहल्ल्याच्या मोकळ्या जागेकडे पाठ करून बसतो. 'आपल्याला कुठे जायचंय' म्हणतो. दुसऱ्याने आपल्याला बाहेर ठेवलं हे अनेकदा खरं असतं. पण काही वेळा बाहेर राहण्याची सवय आपणच अंगवळणी पाडून घेतो आणि तिला अदब म्हणतो. कुलपाचा अर्ज लिहिणारी मी यातून सुटत नाही.

आता माझ्या विषयाकडे, म्हणजे भाषेकडे येते. बाग, बगीचा, गुलाब, हौद, मैदान हे शब्द फारसी-अरबीतून आपल्या मराठीत आले. वाफा, आळं, माळी, रोप हे इथलेच. बागेतलं एक वाक्य मराठीत बोलून बघा. 'माळ्याने बगीच्यातल्या गुलाबाला आळं केलं.' यातला हिंदू शब्द कोणता आणि मुसलमान शब्द कोणता हे वेगळं काढायला बसलात तर रोप मरून जाईल. माझ्या पाचवीच्या मुलांना हे एका तासात समजतं.

तसाच एक शब्द आहे 'राबता'. अरबी राबिता, उर्दूत राब्ता. उर्दूत त्याचा अर्थ संबंध, संपर्क. मराठीत आला आणि त्याला पाय फुटले. त्या घरी त्यांचा राबता आहे, म्हणजे नेहमीचं जाणं-येणं आहे. संबंध म्हणजे मनातली गोष्ट, असं उर्दूला वाटलं. मराठी म्हणाली, मनातलं राहू द्या, तुम्ही येता-जाता का ते सांगा! शेजारीच आपला 'राबणे' हा शब्द उभा आहे. दोन्ही कानाला एकाच घरचे वाटतात. ज्या जागेसाठी लोक राबतात तिथे लोकांचा राबता राहतो. पवनारच्या टेकडीवर हेच झालं, पाणचक्कीत हेच झालं. जिथे हे थांबलं तिथे राजधान्यासुद्धा मातीखाली गेल्या.

म्हणून पुढच्या बैठकीत मी बोलले. फार नाही. म्हटलं, कुलपाचा अर्ज माझा होता, तो मी मागे घेते. भिंतीवर खर्च करू नका. तो पैसा पाण्याच्या नळावर आणि दिव्यावर करा. उजेड असला आणि लोक असले की पत्ते आपोआप दुसरीकडे जातील. रविवारी सकाळी सात ते आठ, प्रत्येक घरातून एक माणूस. पाच मिनिटं खणलं तरी चालेल. मागच्या रांगेतून एक दादा म्हणाले, ''मॅडम, तुमीच त सांगतलं होतं कुलूप लावा मनून. आता तुमीच मन्ता काढा?'' मी म्हटलं, ''हो दादा, चुकलं माझं.'' यावर त्यांना काही बोलता येईना. आणि बाग कोणासाठी, हा प्रश्न मीच पुन्हा काढला. म्हटलं, जो रविवारी येईल त्याच्यासाठी. आणि जो येऊ शकत नाही, त्याच्यासाठी तर आधी.

सगळ्यांना पटलं असं सांगणार नाही. भिंतीच्या बाजूचे अजून भिंतीच्याच बाजूचे आहेत. पहिल्या रविवारी आम्ही सात जण होतो, त्यातले तीन माझ्याच घरातले. दुसऱ्या रविवारी अकरा. गाजरगवत फुलावर येण्याआधी मुळासकट उपटावं लागतं, नाहीतर बी पडून पुन्हा उगवतं. हातमोजे घालून ते करत होतो. कुदळी दादांनीच आणल्या होत्या, न बोलता. कडुनिंबाखालचं तण काढल्यावर तुटका बाक दिसायला लागला. काकूंनी चहा आणला. या वेळी विषय बंद करायला नव्हे, सुरू ठेवायला.

अम्मी फाटकापर्यंत आली आणि तिथेच थांबली. आत ये म्हटलं तर म्हणाली, आज नको, चप्पल बरोबर नाही. काकूंनी चहाचा कप तिच्याकडे फाटकाशीच नेला. दोघी उभ्याउभ्याच बराच वेळ गुडघेदुखीवर बोलत राहिल्या.

कुलूप आता माझ्या घरी खुंटीला टांगलेलं आहे. येत्या रविवारी अम्मीसाठी जोडे आणायचे आहेत, चालायचे.